मामाजींचा शेवटचा काठ

आंधळगावात विणकरांच्या गल्लीत सगळ्यात आधी दिवा लागतो तो चंद्रभागाबाई निनाव्यांच्या घरी. पहाटे साडेचारला. त्यांना गजर लागत नाही. आधी अंगण झाडतात, मग चहाचं आधण ठेवतात, आणि पाणी उकळेपर्यंत मागाच्या खोलीत जाऊन ताण्यावर, मागावरच्या उभ्या धाग्यांवर, हात फिरवून येतात. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा रात्रीच्या गारव्यात नरम राहतो. ऊन चढलं की कोरडा पडतो आणि तुटायला लागतो. तुटलेला धागा शोधायचा, ओवायचा, गाठ द्यायची. यात जो वेळ जातो त्याची मजुरी कुणी देत नाही. म्हणून ज्याला विणायचं त्याने पहाटे उठायचं.

माग जुना, जमिनीत खड्डा असलेला. खड्ड्याच्या कडेवर बसायचं, पाय आत सोडायचे आणि पायाखालच्या पावड्या दाबायच्या. एका हाताने धोटा फेकायचा, दुसऱ्याने फणी ओढून ठोकायची. ठोका हलका पडला तर कापड विरळ, जोरात पडला तर धागा तुटतो. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यासारखाच पडला पाहिजे, सकाळी अंग ताजं असो की दुपारी गळालेलं असो. पाठीला टेकायला काही नसतं. संध्याकाळी खड्ड्यातून उठताना भिंतीला हात लावावा लागतो.

लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा त्यांना माग येत नव्हता. माहेर करडी गावचं. तिथल्या घरच्यांनी माग कधीच सोडून धानाची शेती धरली होती. सासरी बायकांचं काम धोट्याच्या कांड्यांवर धागा भरायचं. मागावर पुरुष बसत. नवरा लवकर गेला. मुलगी भावना तेव्हा शाळेतही जात नव्हती. घरात राहिले म्हातारे सासरे गोपाळराव, एक सून, एक नात आणि दोन माग, त्यातला एक रिकामा.

गोपाळरावांनी महिनाभराने सुनेला हाक मारली आणि त्या रिकाम्या मागापुढे उभं केलं.

"बस, पोरी."

"मामाजी, मले नाही येत."

"मले बी येत नव्हतं. मी बी पोटातून शिकून नाही आलो."

बाई मागावर बसली ही बातमी गल्लीत दुपारपर्यंत फिरली. शेजारचा परसराम, त्याचाही धंदा हाच, दारात येऊन उभा राहिला.

"काय काकाजी, सून खड्ड्यात बसवली म्हणते?"

"हो बसवली," गोपाळराव म्हणाले. "दुसरा खड्डा तुह्यासाठी खोदू का? पाहू कोनाचं कापड सरळ येते."

परसराम हसत निघून गेला. पुढे कित्येक वर्षं तो चंद्रभागाबाईंच्या कापडात वाक शोधत राहिला आणि त्याला तो सापडला नाही.

गोपाळरावांनी त्यांना सगळ्यात आधी विणायला शिकवलं नाही. सांधणी शिकवली. एक ताणा संपत आला की विणकर तो शेवटपर्यंत विणून माग मोकळा करत नाही. जुन्या ताण्याची टोकं फणीत तशीच ठेवतो, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकाला पीळ देऊन जोडतो. बोटांना चुलीतली राख लावायची म्हणजे धागा निसटत नाही. शेकडो धागे, आणि एकही मागेपुढे होता कामा नये. सगळे जोडले की नवा ताणा जुन्याच्या मागून हळूहळू फणीतून ओढून घ्यायचा.

"ताणा तोडायचा नाही," मामाजी म्हणत. "नवं जे येईन ते जुन्याले बांधून आलं पायजे. माग रिकामा केला तर पुन्हा पयल्यापासून ओवत बसा."

चंद्रभागाबाईंनी हे एकदा ऐकलं आणि जन्मभर पाळलं. कॉम्प्युटरवरसुद्धा पाळलं. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

कॉम्प्युटर घरात आला तो भावनामुळे. भंडाऱ्याला कॉलेजात असताना तिने जुना विकत घेतला होता. नागपूरला नोकरी लागल्यावर तो आईकडेच राहिला. त्याच सुमारास गोपाळरावांची पत्र्याची पेटी उघडली तर वाळवी निघाली. त्यांच्या सगळ्या काठांचे आलेख त्या पेटीत होते. साडीचा काठ विणताना कोणता धागा कधी उचलायचा, कोणता सोडायचा, हे चौकटींच्या कागदावर काढलेलं असतं. भरलेली चौकट म्हणजे उचललेला धागा. कागद गेले. काठ तेवढे म्हाताऱ्याच्या डोक्यात राहिले.

भावनाने आईला एक्सेल उघडून दाखवलं.

"हे पाह्य आई, साऱ्या चौकटीच चौकटी. रंग भरला की झाला आलेख."

"चुकलं तर?"

"पुसायचं."

"कागद फाटत नाही?"

"कागदच नाही इथं."

ते चंद्रभागाबाईंना आवडलं. दुपारी ऊन चढून माग थांबला की त्या पडद्यापुढे बसू लागल्या. मामाजी खाटेवरून सांगायचे, त्या चौकटी भरायच्या. पहिला करवत काठ झाला, करवतीच्या दातांचा. त्याला भावनाने 'काठ' नावाच्या फोल्डरात एक फोल्डर करून दिलं आणि काठाचं नाव देऊन ठेवलं. दुसरा, रुईफुलाचा, चंद्रभागाबाईंनी स्वतः ठेवला. तो त्यांनी करवत काठाच्या फोल्डरच्या आत नवं फोल्डर करून ठेवला. तिसरा दुसऱ्याच्या आत. चौथा तिसऱ्याच्या आत. नवं ते जुन्याला बांधून. प्रत्येकाला काठाचं पूर्ण नाव, कुणाच्या साडीला पहिल्यांदा लावला तेही. शेवटचा काठ पाहायचा तर सगळ्या काठांतून आत जावं लागे. त्यांना ते बरं वाटायचं. मामाजींनी ज्या क्रमाने शिकवलं त्याच वाटेने रोज जाता यायचं. भावनाने ते पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तेव्हाच काही बोलली असती.

गेल्या पोळ्याच्या सुमारास गोपाळरावांनी शेवटचा काठ सांगितला. तोवर त्यांची नजर गेली होती. हा काठ त्यांनी स्वतः कधी विणला नव्हता. त्यांच्या वडिलांच्या हातचा, लहानपणी मागाशेजारी बसून पाहिलेला.

"दोन उचल. एक सोड. तीन उचल," ते म्हणायचे. मधेच थांबायचे. बोटं हवेत हलवून पाहायचे. "नाही. दोनच. तीन पुढच्या फेरीत."

थकले की थांबायचं, असं कित्येक दुपारी चाललं. काठ पूर्ण झाला. दिवाळीच्या आधी गोपाळराव गेले.

तेरवीला पाहुणे पांगल्यावर चंद्रभागाबाईंनी कॉम्प्युटर सुरू केला. सगळ्यात बाहेरच्या फोल्डरचं नाव नुसतं 'काठ' होतं. ते त्यांना बरं दिसलं नाही. माणूस गेला, त्याच्या कामावर त्याचं नाव नको का? त्यांनी सावकाश एकेक अक्षर शोधून लिहिलं: 'कैलासवासी गोपाळराव डोमाजी निनावे विणकर आंधळगाव यांच्या हातचे काठ'. हात जोडले आणि कॉम्प्युटर बंद केला.

नंतर विणकर सोसायटीने जुन्या वळणाचा काठ असलेली साडी मागितली. सूत सोसायटीचं, मजुरी चंद्रभागाबाईंची. त्यांनी मामाजींच्या मागावर ताणा सांधला आणि त्यांनी शेवटी सांगितलेलाच काठ धरला. सुरुवातीचा भाग पाठ होता. विणत विणत पदरापाशी आल्या. तिथे काठ वळतो, नक्षी बदलते, आणि ते वळण त्यांना पाठ नव्हतं. आलेख पाहावा म्हणून त्यांनी कॉम्प्युटर लावला, मामाजींच्या नावाच्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली, एकेक फोल्डर उघडत आत जाऊ लागल्या.

मधेच खिडकी पांढरी पडली. वरची हिरवी पट्टी सरकता सरकता थांबली. मग खिडकी गेली, पाठोपाठ पडद्यावरची सगळी चित्रं गेली, आणि क्षणभराने परत आली. खिडकी मात्र आली नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मशीन बंद करून चालू केलं. तेच.

त्या दिवशी माग थांबला. दुसऱ्या दिवशीही थांबला. पहाटेचा ठोका ऐकू आला नाही म्हणून परसराम आला. त्याचेही केस आता पांढरे झाले होते.

"काहून वहिनी, आज खड्डा खाली?"

"मामाजीचा काठ उघडून नाही राहिला, भाऊजी."

"कागदावर काहून नाही काढला?"

"कागद वाळवीनं खाल्ला म्हणून तर याच्यात टाकला."

परसरामने पडद्याकडे पाहिलं. "याले बी लागली असन वाळवी."

चंद्रभागाबाई हसल्या नाहीत. तेव्हा तोही गंभीर झाला. "आठवून वीण ना. बाकी तं आठवलं तुले."

"वळण नाही आठवत. अंदाजानं विणलं तर तो काठ मामाजीचा नाही राहणार, माह्या मनचा होईन."

कॉम्प्युटर भंडाऱ्याला दुरुस्तीला न्यायचं ठरलं. परसरामने डबा उचलून एसटीपर्यंत पोचवून दिला. डबा चंद्रभागाबाईंनी मामाजींच्या धोतरात बांधला होता, हिसका बसू नये म्हणून. भंडाऱ्यापर्यंत तो त्यांनी मांडीवरच ठेवला.

पहिल्या दुकानातल्या माणसाने खिडकी एकदा बंद पडलेली पाहिली आणि मान हलवली. "विंडोज गेलं. पुसून नवीन टाकावं लागेल. संध्याकाळी घेऊन जा."

"आतले काठ राहतीन का?"

"त्याची गॅरंटी नाही देता येत."

चंद्रभागाबाईंनी धोतराची गाठ परत बांधली. तिथल्याच एकाने सांगितलं की पितळी भांड्यांच्या दुकानांमागे कुंदनचं लहानसं दुकान आहे, तो वेळ फार लावतो, पण नीट पाहून देतो. वेळ लावतो हे ऐकूनच त्या तिकडे गेल्या.

कुंदन तिशीतला, अंगाने बारीक. दुकानात एक टेबल, दोन स्टुलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डबा जोडला. पण हात लावला नाही.

"काकू, तुम्हीच करून दाखवा. घरी जसं करता तसं."

"मी करू?"

"हो. बिघाड कसा होते ते मले पाहू द्या. आमचे बाबा जवाहरनगरले फॅक्टरीत फिटर होते. म्हणायचे, मशीन कशी अडते ते डोळ्यानं पाह्यल्याशिवाय पाना हाती घ्यायचा नाही."

चंद्रभागाबाईंनी करून दाखवलं. खिडकी पांढरी पडली, गेली, चित्रं गेली, आली. कुंदनने पुन्हा करायला सांगितलं. तिसऱ्यांदाही. कुठल्या फोल्डरवर अडते ते त्याने पाहून ठेवलं. मग स्टूल पुढे ओढलं.

"ही जी खिडकी आहे ना, फाइल एक्सप्लोरर, हाही एक प्रोग्रामच आहे. विंडोज गेलं नाही. विंडोज गेलं असतं तर चित्रं परत आली नसती. हा एकटा पडून राहिला, अन् विंडोज त्याले उठवून राहिलं."

त्याने टास्क मॅनेजर उघडून त्यातून एक्सप्लोरर नव्याने सुरू केला. पाहिलं. तेच. मग सेटिंगमध्ये जाऊन खिडकीचा साठलेला इतिहास पुसला, कारण कधी त्यात जुनी, तुटलेली नोंद अडकते. इतिहास म्हटल्यावर चंद्रभागाबाई पुढे सरकल्या.

"काठ नाही ना पुसले?"

"नाही जी. तुम्ही कुठं कुठं गेल्या होत्या त्याची फक्त आठवण पुसली. काठ जागीच आहेत."

पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. आता त्याने खिडकीच्या उजव्या बाजूला बोट दाखवलं. तिथे एक रिकामा भाग होता.

"हे कोन चालू करून ठेवलं?"

"भावनानं. फाइलवर नुसतं बोट ठेवलं की बाजूले चित्र दिसते म्हणे. मले सोपं पडावं म्हणून."

"हेच पाडून राहिलं तुमच्या खिडकीले. प्रत्येक फाइल उघडून दाखवाले जाते, अन् जी त्याले उघडत नाही तिथं सारंच घेऊन बसते."

त्याने तो भाग बंद केला. खिडकी पुन्हा उघडली. या वेळी पांढरी पडली नाही. करवत, त्यात रुईफूल, त्यात नारळी, फोल्डर उघडत गेले. मात्र शेवटच्या काही फोल्डरांशी येऊन खिडकी थांबली. पडली नाही, पण पुढेही जाईना. ही जागा सापडत नाही, असं इंग्रजीत लिहून आलं.

"एक दुखणं गेलं," कुंदन म्हणाला. "दुसरं आहे."

हा माणूस आता घाई करेल असं चंद्रभागाबाईंना वाटलं होतं. दुपार होत आली होती, बाहेर दोघंजण ताटकळले होते. त्याने त्या दोघांना उद्या यायला सांगितलं. डिस्क तपासायला लावली आणि बाजूच्या टपरीवरून दोन चहा आणवले. डिस्क चांगली निघाली. मग विंडोजच्या फाइली तपासायला लावल्या. त्याला बराच वेळ लागतो. तो वेळ तो समोरच बसून राहिला. त्याही चांगल्या निघाल्या.

"आता काहीबी करायच्या आधी साऱ्याची नक्कल काढून ठेवू," तो म्हणाला आणि वेगळी डिस्क जोडली. नक्कल भराभर निघत गेली. शेवटाला येऊन अडकली. पडद्यावर एक चौकट आली. कुंदनने ती वाचली, आणि पहिल्यांदाच हसला.

"काकू, हे म्हणते नाव फार लांब आहे."

"कायचं नाव?"

"फाइलचं नाही. पूर्ण वाटेचं." त्याने वरच्या पट्टीत टिचकी मारली. सगळी वाट एका ओळीत उमटली, पट्टीत मावेना. तो बाण दाबत वाचत गेला. "एकात एक, एकात एक. हे असं कोन ठेवलं?"

"मी. काहून, चुकलं?"

"लोक बाजूबाजूले ठेवतात जी."

"नवा ताणा जुन्याले बांधावा लागते ना," चंद्रभागाबाई म्हणाल्या. मग त्याला समजेना म्हणून सांधणी कशी करतात ते दोन बोटांना नसलेली राख लावून दाखवली. कुंदनने सगळं ऐकलं. थट्टा केली नाही.

"बरोबर आहे तुमचं. पण विंडोजच्या वाटेले मर्यादा आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या फाइलपर्यंत जवळपास अडीचशे अक्षरं. अन् मराठीत काना, मात्रा, वेलांटी, सारं वेगळं अक्षर धरते. आता मले सांगा, हे आधी उघडत होतं?"

"मामाजी होते तोवर रोज उघडत होतं."

"अन् बंद कधी पडलं?"

"तेरवीनंतर मी पाह्यलंच नाही. पाह्यलं तर असं."

"तेरवीले काही केलं होतं का? काही टाकलं, काही काढलं?"

"नाही. नुसतं मामाजीचं नाव टाकलं."

कुंदनने बाहेरचं फोल्डर पाहिलं. नाव वाचलं.

"बाहेरचं नाव वाढलं की आतल्या साऱ्याची वाट वाढते," तो सावकाश म्हणाला. "बाहेरून नाव वाढवू देते हे. आतले हद्दीच्या बाहेर गेले तरी सांगत नाही. आत आहेत, पण खिडकीचा हात तिथवर पोचत नाही."

"म्हणजे मामाजीच्या नावानंच मामाजीचा काठ बंद झाला?"

"बंद नाही. आत सुखरूप आहे."

चंद्रभागाबाईंनी पदराने चेहरा पुसला. "मग आता?"

"दोन रस्ते. एक, नाव राहू द्या अन् सारे काठ बाहेर काढून बाजूबाजूले ठेवू. मी तर हेच सांगीन, पुढं त्रास होणार नाही. दुसरा, वाट अशीच राहू द्या अन् बाहेरचं नाव लहान करा."

"काही सेटिंग नाही का मोठं नाव चालवाचं?"

"सेटिंग आहे, पण ही खिडकी ते मानत नाही. अन् एक्सेल त्याहून आधी अडते."

चंद्रभागाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. नाव त्यांनी हात जोडून लिहिलं होतं. वाट मामाजींनी शिकवली होती.

"ताणा नाही तोडायचा," त्या म्हणाल्या. "नाव लहान करा."

"तुम्हीच करा जी."

त्याने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. चंद्रभागाबाईंनी आधी 'कैलासवासी' काढलं, मग एकेक अक्षर मागून पुसलं. काठ गेले, आंधळगाव गेलं, विणकर गेलं, आडनाव गेलं. शेवटी 'गो' राहिलं. त्याच्यावर त्यांनी बोट थांबवलं.

"एवढं चालते?"

"चालते."

कुंदनने खिडकी बंद करून पुन्हा उघडली. काठांतून काठ मागे पडत गेले. शेवटचं फोल्डर आलं. आतली एकच फाइल त्याने उघडली, आणि पडदाभर चौकटी पसरल्या. दोन भरलेल्या, एक मोकळी, तीन भरलेल्या. चंद्रभागाबाईंनी खाली सरकवत वळणापर्यंत नेलं. तिथे एका फेरीत तिसरी चौकट पुसताना चुकून फिकट रंगाची राहून गेली होती. ती दुपार त्यांना आठवली. नाही, दोनच.

कुंदनने त्यांच्यासमोर सगळ्याची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली, दुसरी स्वतःच्या डिस्कवर ठेवली. "याच्यापुढं नवा काठ आत टाकाल तर पुन्हा भरन, काकू."

"याच्यापुढचा काठ माहा राहीन," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तो नव्या ताण्यावर घेईन. बाजूले."

त्याने मजुरी सांगितली. एवढ्या वेळाची म्हणून ती कमीच होती आणि हे त्यांना कळलं. त्यांनी पिशवीतून कोशाचा एक तुकडा काढला, ताणा संपताना उरतो तसला, हातरुमालाएवढा. "काच पुसाले ठेव, बाबू. याच्यानं ओरखडा नाही येत." कुंदनने तो घडी करून टेबलावर ठेवला आणि तोवर बाहेर येऊन थांबलेल्या नव्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला दिवा लागला. पाचला ठोका सुरू झाला. पडदा मागाशेजारी ओढून घेतला होता. एक फेरी पाहायची, विणायची, पुन्हा पाहायचं. वळण नीट बसेपर्यंत त्या कुणाशी बोलल्या नाहीत. दुपारी परसराम आला. काठावर बोट फिरवून पाहिलं, नेहमीप्रमाणे वाक शोधला.

"काकाजीच्या बापाच्या हातचा काठ असाच होता म्हणतात," तो म्हणाला. "माहा बाप सांगे. मी पाह्यला नव्हता." मग म्हणाला, "वाळवी नव्हती तर त्या मशीनले."

"नाही. माह्या श्रद्धेनं बंद पडलं होतं."

यावर दोघंही हसले.

साडी सोसायटीत गेली. पसंत पडली, तसल्याच आणखी मागितल्या. चंद्रभागाबाईंनी विणल्या. पण रोज कॉम्प्युटर उघडताना तो 'गो' डोळ्यांत खुपत राहिला. ज्या माणसाने सुनेला खड्ड्यात बसवलं, गल्ली हसली तेव्हा दारात उभा राहिला, शेवटच्या श्वासापर्यंत धागे मोजले, त्याचं नाव एका अक्षराएवढं. भावना फोनवर म्हणाली, "आई, ते फक्त फोल्डरचं नाव आहे." त्या म्हणाल्या, "हो. म्हणूनच त्याले कुठंतरी पुरतं लिहिलं पायजे."

गल्लीच्या तोंडाशी जिथे हिवाळ्यात ऊन पहिल्यांदा येतं, तिथे गोपाळराव एका सपाट दगडावर बसायचे. बाकीचे विणकरही मागावरून उठले की तिथेच येतात, पाठ ताठ करतात, टेकायला काही नाही म्हणून पुन्हा वाकून बसतात.

साड्यांची मजुरी हाती आली तशी चंद्रभागाबाई भंडारा रस्त्यावर सिमेंटची बाकं बनवणाऱ्याकडे गेल्या. त्यांनी पाठ असलेलं बाक मागितलं. पाठीचा कलता कोन त्यांनी स्वतः बसून पाहिला. पहिलं फार ताठ होतं, ते घेतलं नाही, दुसरं घेतलं. अक्षरं लिहिणाऱ्याने मजकूर वाचला.

"बाई, नाव लांब आहे. 'विणकर' काढू का? नाहीतर गाव काढू. मावलं पायजे."

"काहीच काढायचं नाही. अक्षर लहान करा."

"अक्षरामागं पैसे लागतात."

"मात्रेचे घेता का?"

"मात्रेचे कोन घेते, बाई?"

"मग लिहा."

त्या मजुरीतून हे बाक आलं. परसरामने आणि गल्लीतल्या चौघांनी ते उचलून दगडाच्या जागी बसवलं. पाठीवर एका सलग ओळीत लिहिलेलं आहे: कैलासवासी गोपाळराव डोमाजी निनावे, विणकर, आंधळगाव, यांच्या हातचे काठ अजून चालू आहेत. संध्याकाळी चंद्रभागाबाई खड्ड्यातून उठतात, भिंतीला हात लावत बाहेर येतात आणि त्या नावाला पाठ टेकून बसतात.